शीगीहुणवी म्हणजे नक्की कुठली पौर्णिमा? (बाबांचा खरा वाढदिवस शोधतोय)

मलप्रभेकाठचा · ३ जून २०२५, रात्री १०:१२

मंडळी, प्रश्न घरगुती आहे, खरं तुमच्याशिवाय सुटायचा नाही.

परवा १ जूनला बाबांचा वाढदिवस झाला. म्हणजे बँकेचा, विम्याचा आणि मोबाईल कंपनीचा मेसेज आला. दाखल्यावर १ जून १९५५ आहे. ती तारीख मास्तरांनी शाळेत नाव घालताना अंदाजानं लिहिली, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. खरा वाढदिवस आम्ही होळीच्या दुसऱ्या दिवशी करतो. आजी 'शिगम्याच्या दुसऱ्या दिवशी झालास' असं सांगायची म्हणून. निदान आम्हाला तसं ऐकू यायचं.

आता झालंय असं की आतेभावाला जुन्या कपाटात एक कॅसेट सापडली. पंचवीस-सत्तावीस वर्षांपूर्वी त्यानं आजीला बोलतं करून टेप भरली होती. त्यात आजी म्हणते, जसंच्या तसं लिहितो:

"शीगीहुणवीच्या दुसऱ्या दिशी झाला ह्यो. चरग टाकून घरला आलो, भात पोटरीत हुतं, आनि रात्री पोटात दुखाय लागलं. बारशाला आलेली मानसं बाळाकडं बघतील तर शपथ, सगळी राज्याचंच बोलत बसली हुती."

'शीगीहुणवी' हा शब्द तीनदा आलाय, तिन्ही वेळा स्वच्छ. शिगमा नाही. आजीचं माहेर हुक्केरीकडचं, सासर आमचं खानापूर तालुक्यातलं. ती दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलायची. 'राज्याचं' म्हणजे राज्य पुनर्रचना असणार, म्हणून आम्ही १९५६ चा शिमगा धरून चाललो होतो. बाबांची सत्तरी जवळ आली, आई शांत करायची म्हणतेय, आणि आता तारीखच हातातून सुटली.

शीगीहुणवी कुठली? आणि चरग टाकणं म्हणजे काय?

तिसरे_गेट · ३ जून, रात्री १०:४०

१ जून म्हणजे आमच्या सासऱ्यांचा, दोन्ही काकांचा आणि गल्लीतल्या निम्म्या पंचमंडळींचा वाढदिवस. बेळगावात त्या दिवशी केक मिळत नाही ओ.

उत्तर मला येत नाही. धागा वर राहावा म्हणून लिहिलं.

पुण्यात_नवीन · ३ जून, रात्री ११:०५

आजी 'घरला आलो' म्हणतात? आली नाही?

तिसरे_गेट · ३ जून, रात्री ११:०९

आमच्याकडं बायका 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात. तुम्हाला पुण्यात चुकीचं वाटतंय, आम्हाला तुमचं 'मी आले' शाळेच्या पुस्तकातलं वाटतंय.

निपाणीची_अक्का · ४ जून, सकाळी ६:२०

बाळा, शिमगा कुठला? शीगीहुण्णिवी म्हणजे तुमची कोजागरी. आश्विनातली पुनव.

'हुण्णिवी' म्हणजे पौर्णिमा. पुस्तकी कन्नडमध्ये हुण्णिमे, आमच्या तोंडी हुण्णिवी, मराठी माणसाच्या तोंडी हुणवी. भात पोटरीत होतं असं तुझी आजीच सांगते आहे. शिमग्याला कुठलं आलंय पोटरीत भात? त्या वेळी शेतात धसकटं असतात. तुम्ही पुण्याला गेलात आणि शेत विसरलात.

आता चरग. माझं लहानपण निपाणीच्या पूर्वेला शेतवाडीत गेलं. शीगीच्या आदल्या रात्री घरात चूल विझायची नाही. बाजरीचे कडबू, गुळाचे कडबू, पुंडीपल्ल्याची भाजी (तुमची अंबाडी), बुत्ती, शेंगांची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, भाकऱ्यांची चवड. पहाटे अंघोळ करून टोपल्या डोक्यावर घ्यायच्या आणि घरदार गाडीनं शेतात. झाडाखाली पाच दगड मांडायचे, चुना लावायचा, ते पांडव. आमच्यात मागं एक सहावा दगड असायचा, तो कर्ण. त्याला सगळे 'कळ्ळ' म्हणायचे, चोर. मला लहानपणी त्याचीच दया यायची, मी माझ्यातला अर्धा कडबू त्याच्यापुढं ठेवायचो.

पूजा झाली की सगळ्या पदार्थांचा थोडा थोडा काला करायचा आणि एकानं टोपली धरून, दुसऱ्यानं मुठीनं फेकत शेताच्या चारी बाजूंनी फिरायचं. पुढचा ओरडणार 'हुल्लुल्लिग्यो', मागचा म्हणणार 'चल्लंब्रिग्यो'. अर्थ विचारू नकोस. आमच्या वडिलांना विचारला तर म्हणाले, पिकाला कळतो, तुला कशाला पाहिजे. हा चरग. पीक पोटुशी असतं, त्याचं हे डोहाळजेवण. आता ज्या बाईनं नवव्या महिन्यात शेतभर फिरून भूमीचं डोहाळजेवण केलं, तिला त्याच रात्री कळा आल्या. तुझी आजी हे विसरेल का?

लातूरचा_पाहुणा · ४ जून, सकाळी ८:५५

अक्का, आमच्याकडे हेच मार्गशीर्षाच्या अमावस्येला असतं, वेळ अमावस्या. शेतात कडब्याची कोप (खोपटं) करून पांडव मांडतात आणि 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत फिरतात. आम्हाला ते मराठीच वाटत होतं!

निपाणीची_अक्का · ४ जून, सकाळी ९:१०

आमच्यात ती येळ्ळ अमावास्या. त्या दिवशीही चरग असतो, काळ्या रानात, शाळूला. वेळ आणि येळ्ळ शेजारी शेजारी म्हणून बघा.

मलप्रभेकाठचा · ४ जून, सकाळी ९:३०

अक्का, पाया पडतो. म्हणजे आम्ही चाळीस वर्षं सात महिने आधी (की पाच महिने नंतर?) वाढदिवस करत होतो. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

बाकीच्या पुनवांची नावंही सांगाल का? आजी अशी बरीच नावं घ्यायची, आम्ही हसायचो.

निपाणीची_अक्का · ४ जून, दुपारी २:४५

जेवण आवरून बसलो आहे, आता लिहितो.

चैत्राची दवनद हुण्णिवी, दवण्याची. त्या दिवशी तुमची जोतिबाची यात्रा. वैशाखाची आगी. ज्येष्ठाची कार, तिच्यावर सावकाश बोलू. आषाढात कडलीकडबू, नावातच हरभऱ्याचं पुरण आहे, गुरूचं नाव नाही. श्रावणाची नूल, नूल म्हणजे सूत. भाद्रपदाची अनंत, तिलाच काही गावांत जोकमाराची म्हणतात. आश्विनाची शीगी. कार्तिकाची गौरी. मार्गशीर्षाची होस्तिल. पौषाची बनद, बदामीच्या बनशंकरीचा रथ त्या दिवशी ओढतात. माघाची भारत, सौंदत्तीची आणि चिंचलीच्या मायाक्काची मोठी गर्दी त्या सुमाराला. शेवटी होळी.

आमची आई म्हणायची, कारहुण्णिवी सण बोलावून आणते आणि होळीहुण्णिवी बोंब मारत घेऊन जाते. कन्नडमध्ये त्याला यमक आहे, मराठीत जुळत नाही. खरं बघ, होळीनंतर उन्हाळाभर शेतकऱ्याच्या घरात काय असतं? लग्नं आणि कर्ज. पाऊस पडला, कार आली, की मग सण एकामागून एक.

गौरीबद्दल एक राहिलं. त्या पुनवेला पोरी साखरेच्या बाहुल्या ताटात मांडून गौरीला आरती करतात. हत्ती, उंट, रथ, रंगीत साखरेचे, लाकडी साच्यातले. लग्न ठरलेल्या मुलीला सासरकडून ही 'सक्करी आरती' आणि लुगडं येतं. माझ्या मराठी जावेला ठाऊक नव्हतं. तिच्या माहेरी साखरेची माळ फक्त पाडव्याला, गुढीवर. हलवाई एकच, साखर तीच. सात-आठ महिन्यांनी तिचे हत्ती करतो एवढंच.

जोकमार मात्र आता दिसत नाही फारसा. मातीचं बाहुलं बुट्टीत घालून बायका दारोदार गात यायच्या, लोक त्याच्या तोंडाला लोणी लावायचे, सूपभर धान्य घालायचे. सात दिवसांचं त्याचं आयुष्य, पुनवेला मारून टाकायचा. गणपती मोदक खाऊन जातो आणि हा लोणी खाऊन मरतो. गणपती वर जाऊन इथलं सगळं छान आहे म्हणून सांगतो आणि जोकमार जाऊन पाऊस नाही, पीक वाळलंय असं खरं खरं सांगतो, असं आम्हाला सांगायचे.

शहापूरवाली · ४ जून, दुपारी ३:२०

नूल हुण्णिवी वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरात तीन पिढ्या माग. शहापूर-वडगाव-खासबागेत त्या दिवशी राखीपेक्षा जानव्याचं आणि सुताचं महत्त्व. मी 'नूल'ला 'नूळ' म्हणायचे आणि वाटायचं हे कुणा देवाचं नाव असेल. सूत होय!

येळ्ळूरची_सून · ४ जून, रात्री ९:००

अक्का कारवर 'सावकाश बोलू' म्हणाल्या. मला बोलायचंच आहे, कारण ही पुनव माझ्या डोक्यावर दरवर्षी बसते.

ज्येष्ठातली पौर्णिमा. मराठी घर म्हणून वटपौर्णिमेचा उपास. शेतकरी घर म्हणून त्याच दिवशी कारहुणवी, म्हणजे बैलांना पुरणपोळी. आता सांगा, पोटात काही नाही, तोंडात तुळशीचं पान, आणि सकाळी सातपासून पुरण वाटतेय. बैल जेवतात, गडी जेवतात, मुलं जेवतात, आणि आम्ही सात जन्म हाच नवरा मागून साबुदाणा खातो. सासूबाईंना एकदा म्हणाले, हे कुणी ठरवलं? त्या म्हणाल्या, वड कुणीतरी मराठीनं ठरवला, बैल कुणीतरी कन्नडानं, आणि दोघांनीही आपल्याला विचारलं नाही.

यंदा मात्र सुटले. १० तारखेला, मंगळवारी वड आणि आमच्या गावात बैल बुधवारी. असं दरवर्षी होत नाही.

गडहिंग्लजकर · ४ जून, रात्री ९:३५

येळ्ळूरच्या वहिनी, आमच्याकडे दोन बेंदूर आहेत. ज्येष्ठ पौर्णिमेचा 'कर्नाटकी बेंदूर' आणि आषाढातला 'महाराष्ट्र बेंदूर'. कागल, इचलकरंजी, शिरोळपट्ट्यात कर्नाटकीच जोरात. त्यामुळे नुसतं 'कन्नडानं ठरवलं' म्हणणं बरोबर नाही. घाटाखाली-घाटावर पाऊस कधी येतो त्यावर हे ठरलेलं आहे. तुमच्याकडे मृगात पेरणी, बैल त्याआधी पूजले जातात. आमच्याकडे भाताची रोपलावण उरकून मग बैलाला विश्रांती.

येळ्ळूरची_सून · ४ जून, रात्री ९:५०

भाऊजी, आमच्या येळ्ळूरलाही भातच आहे हो. बासमतीसाठी नाव होतं. तरी बैल ज्येष्ठातच.

गडहिंग्लजकर · ४ जून, रात्री ९:५८

मग माझं गणित चुकलं. पण 'कर' दोन्हीकडे आहे. गल्लीच्या तोंडाशी लिंबाचा पाला, नारळ बांधून दोर आडवा धरायचा आणि बैल पळवत आणून तो तोडायचा. कर तोडणं.

निपाणीची_अक्का · ५ जून, सकाळी ६:१०

'करी हरियोदु' म्हणतात त्याला. पांढरा बैल पुढं निघाला तर हिंगारी पिकणार, तांबडा निघाला तर मुंगारी. म्हणजे रब्बी किंवा खरीप. वडील तांबड्या बैलावर पैज लावायचे आणि हरले की पांढऱ्याला शिव्या. पुढं पंधरा दिवसांनी मण्णेत्तिन अमावास्या, मातीचे बैल. ज्याच्या दारात बैल नाही त्याच्याही देवळीत त्या दिवशी जोडी असते. आता तर बहुतेक घरांत तेवढीच जोडी उरली आहे.

पंचांगवाला_आप्पा · ५ जून, सकाळी ११:३०

उशिरा आलो. विषय माझा आहे.

पहिली गोष्ट. शीगी म्हणजे कोजागरी हे महिन्यापुरतं खरं, दिवसापुरतं नेहमीच खरं नाही. कोजागरीला मध्यरात्री पौर्णिमा असावी लागते, कारण जागरण रात्रीचं आहे. शेतातल्या पुनवा सूर्योदयाच्या तिथीवर चालतात. यंदा ६ ऑक्टोबरला दुपारी पौर्णिमा लागते आणि ७ ला सकाळी संपते. कोजागरी ६ ला. ७ ला उजाडताना पौर्णिमाच आहे, त्यामुळे चरग टाकणारे ७ ला टाकतील. वड आणि बैल यंदा वेगळे पडले तेही यामुळेच. कुणी मराठी-कन्नड भांडण लावू नये, दोघांचं पंचांग अमान्त आणि शालिवाहन शकाचंच आहे.

दुसरी गोष्ट. १९५६ चा दसरा कधी होता हे शोधायला जुनं पंचांग लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६, रविवार. नागपूरला डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली तो विजयादशमीचा दिवस. तिथून पुढं पौर्णिमा मोजा. उलट बाजूनंही पडताळा येतो: १८ नोव्हेंबर १९५६ ला खग्रास चंद्रग्रहण होतं. ग्रहण पौर्णिमेलाच लागतं, साडेएकोणतीस दिवस मागं या.

तारीख मी काढली आहे, खरं लिहीत नाही. धागाकर्ते, आधी तुम्ही सांगा: कॅसेटमध्ये आजीनं वार सांगितलाय का? मी तारीख लिहिल्यावर तुम्हाला तोच वार 'ऐकू' येईल, म्हणून आधी विचारतो.

मलप्रभेकाठचा · ५ जून, रात्री ११:५०

आप्पा, कॅसेटची दुसरी बाजू आज ऐकली. टेपरेकॉर्डर शेजारच्या रद्दीवाल्याकडून आणला, पट्टा दोनदा अडकला. आजी म्हणते:

"शनवार हुता, मारुतीचा. म्हनून नाव मारुतीच ठेवायचं हुतं, खरं त्याच्या आज्ज्यानं दुसरंच घातलं. अहेव पुनवेला यल्लम्माला दाखवून आनला, तवा नुकता मान धराय लागलेला."

वार शनिवार. आणि ही अहेव पुनव आता कुठली?

पंचांगवाला_आप्पा · ६ जून, सकाळी ७:०५

१९५६ ची आश्विन पौर्णिमा १९ ऑक्टोबर, शुक्रवार. दुसरा दिवस २० ऑक्टोबर.

शनिवार.

शिमगा तपासायचाच तर त्या वर्षीची होळी मार्चच्या शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीला. तिचा दुसरा दिवस सोमवार-मंगळवारकडं जातो. शनिवार तिथं बसत नाही.

तिसरे_गेट · ६ जून, सकाळी ७:४०

थांबा थांबा. २० ऑक्टोबरला जन्म, म्हणजे बारावा दिवस ३१ ऑक्टोबर. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. काकांचं बारसं मुंबई राज्यात आणि दुसऱ्या दिवशी पाळणा तिथंच, राज्य दुसरं! पाहुणे बाळाकडं कशाला बघतील ओ!

चंदगडी · ६ जून, सकाळी ८:१५

आणि आमचा चंदगड तालुका तेव्हा बेळगाव जिल्ह्यातून सुटून मुंबई राज्यात राहिला. माझी एक आत्या चंदगडात दिली, एक खानापुरात. एका रात्रीत दोघी दोन राज्यांच्या. सण मात्र अजून फोनवरून एकमेकींना विचारूनच करतात. ह्या विषयावर खरं म्हणजे बरंच

व्यवस्थापक · ६ जून, सकाळी ८:३०

सीमाप्रश्नाचा वेगळा धागा आहे, तिथे ११४ पाने झाली आहेत. इथे पौर्णिमाच चालू द्या.

डोंगराखालची · ६ जून, दुपारी १:१०

अहेव पुनवेचं मी सांगते. सौंदत्ती माझं आजोळ, यल्लम्माच्या डोंगराच्या पायथ्याला.

मार्गशीर्षातल्या पुनवेला (अक्कांची होस्तिल) यल्लम्मा विधवा होते. कार्तवीर्यानं जमदग्नीला मारलं तो दिवस. देवीच्या बांगड्या फोडतात, कुंकू उतरवतात. आपल्यात तिला रांडव पुनव म्हणतात. मग दोन महिन्यांनी माघी पुनवेला, भारतहुणवीला, देवीला पुन्हा हिरवा चुडा भरतात, ती अहेव पुनव, कन्नडात मुत्तैदी हुण्णिवी. कोल्हापूरकडचे जग (देवीचा मुखवटा मांडलेली टोपली) घेऊन मार्गशीर्षात डोंगरावर येतात. खाली जोगुळबावीत अंघोळ, वर भंडारा, 'उदं गं आई उदं', आंबील, चौंडकं.

तुमच्या बाबांना माघी पुनवेला नेलं म्हणजे फेब्रुवारी १९५७. ऑक्टोबरात जन्मलेलं बाळ तेव्हा चार महिन्यांचं होतंय, मान धरण्याचंच वय. शिमग्याचं असतं तर अकरा महिन्यांचं, भिंत धरून चाललं असतं.

मराठमोळा_७७ · ६ जून, दुपारी १:४५

माहिती चांगली, पण 'रांडव' हा शब्द असा जाहीर लिहिणं योग्य वाटत नाही. विधवा पौर्णिमा म्हणा.

डोंगराखालची · ६ जून, दुपारी ३:३०

शब्द मी नाही केला, दादा. माझी आई एकतीसाव्या वर्षी रांडव झाली, आणि गावानं तिला तोच शब्द दिला, 'विधवा' कुणी म्हणालं नाही.

ती दर मार्गशीर्षात डोंगर चढायची. माघात कधीच नाही. मी विचारलं, अहेव पुनवेला का नाही जात, तेव्हा तर जास्त छान असतं, देवी नटलेली असते. म्हणाली, मार्गशीर्षात ती माझ्यासारखी असते. दोन महिन्यांनी तिला बांगड्या भरतात, मला कोण भरणार? मग तिला बघवत नाही.

ह्याच डोंगरावर पोरी देवीला सोडायचे. १९८२ चा कर्नाटकचा देवदासी बंदी कायदा आला, तरी त्या बायका अजून परडी घेऊन बसलेल्या दिसतात, म्हाताऱ्या झाल्यात. त्यामुळे 'सुंदर परंपरा' वगैरे मला पटकन लिहिता येत नाही. भक्ती आहे, मी जाते. खरं सगळं डोळ्यांपुढं ठेवून जाते.

निपाणीची_अक्का · ६ जून, संध्याकाळी ५:००

डोंगराखालच्या बाई, तुमच्या आईला नमस्कार सांगा.

डोंगराखालची · ६ जून, संध्याकाळी ५:०४

ती गेली, अक्का. मार्गशीर्षातच.

पंचांगवाला_आप्पा · ७ जून, सकाळी ९:००

तीच मार्गशीर्षी पौर्णिमा दत्तजयंतीची. संध्याकाळी नृसिंहवाडीला आणि गाणगापूरला पाळणा म्हणतात, त्याच वेळी सौंदत्तीला हे. माहूरला तर रेणुका आणि दत्त शेजारशेजारच्या डोंगरांवर आहेत. मी पन्नास वर्षं पंचांग बघतोय, ह्या दोन ओळी मी कधी एकाखाली एक वाचल्या नव्हत्या.

शहापूरवाली · ७ जून, सकाळी १०:२०

जरा हलकं बोलू का? शिमग्याला वाढदिवस करत होतात म्हणजे कुठल्या दिवशी? बेळगावात रंग दुसऱ्या दिवशी, पांगुळ गल्लीत अश्वत्थाम्याच्या देवळासमोर लोटांगणं त्याच दिवशी. आमच्या शहापुरात रंग पाचव्या दिवशी, पंचमीला. शहापूर सांगली संस्थानात होतं ना. रेल्वे फाटक ओलांडलं की रंग चार दिवसांनी पुढं! माहेरची म्हणून दोन्हीकडं खेळायचे, आणि दोन्हीकडं कपडे वाया.

मलप्रभेकाठचा · ७ जून, रात्री ९:१५

शहापूरताई, दुसऱ्या दिवशी. आईनं आज बाबांना सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं मी होळीच्या उरलेल्या पुरणपोळ्या वाढदिवसाच्या म्हणून खाल्ल्या?"

आई म्हणाली, हो.

मलप्रभेकाठचा · ११ ऑक्टोबर २०२५, दुपारी १२:३०

धागा वर काढतोय, ज्यांनी मदत केली त्यांना कळावं म्हणून.

७ तारखेला, मंगळवारी, सगळे गावी गेलो. चरग टाकायचा ठरवला तर घरात कुणाला येईना. आजीबरोबरच गेला तो. अक्कांची पोस्ट छापून नेली होती. आईनं कडबू केले, अर्धे फुटले. अंबाडी बाजारात मिळाली. शेतात पाऊस. पाच दगड मांडले, सहाव्यावरून वाद झाला, शेवटी मांडला. 'हुल्लुल्लिग्यो' म्हणायला सगळे लाजत होते, तेवढ्यात पलीकडच्या बांधावरच्या रायप्पाकाकांनी आवाज ऐकला आणि तिकडून 'चल्लंब्रिग्यो' ओरडले. मग बाबांना चेव आला. सबंध शेताला फेरी मारली, चिखलात दोनदा घसरले. भात पोटरीतून निसवलेलं होतं. बाबा एका लोंबीला हात लावून उभे राहिले, आणि मी फोटो काढतोय म्हटल्यावर चिडले.

सत्तरीची शांत २० तारखेला ठरली आहे. आधार कार्डावरची तारीख बदलायचा विचार होता, धाकट्या काकांनी हात जोडून थांबवलं. पेन्शन अडकेल म्हणाले.

तिसरे_गेट · ११ ऑक्टोबर, दुपारी १२:४१

१ जून सोडू नका. आमच्यातला एक माणूस कमी होईल.

निपाणीची_अक्का · ११ ऑक्टोबर, दुपारी २:१०

कडबू फुटले म्हणजे पीठ सैल झालं. पुढच्या वर्षी मला फोन कर, आईला दे.

लोंढा_जंक्शन · ११ ऑक्टोबर, रात्री १०:२०

नवीन सदस्य आहे, धागा पहिल्यापासून वाचला. माझ्या आईचंही असंच कोडं आहे. तिच्या दाखल्यावरही १ जूनच.

आजोळी सांगतात की ती जोकमार मारला त्याच्या आदल्या दिवशी झाली. साल कुणालाच ठाऊक नाही. फक्त एवढंच सांगतात की कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे ती पाळण्यात होती, आणि कुणी हात न लावता पाळणा हलायला लागला. आजी झोपेतून उठून पाळणा धरायला धावली, तर जमीनच हलत होती.

ह्यावरून काही काढता येईल का?

पंचांगवाला_आप्पा · ११ ऑक्टोबर, रात्री १०:२६

वार सांगितलाय का?